बाहेरची बाजू नसलेली इमारत

एखाद्याला रेल्वे स्थानकाचे चित्र काढायला सांगितले, तर तो उतरते छप्पर काढील, घड्याळ काढील, फार तर समोर एक कमान काढील. भुयारी मेट्रो स्थानकाचे चित्र काढायला सांगितले, तर बहुतेक जण खाली उतरणारा जिना आणि त्याच्या डोक्यावरची पाटी काढून थांबतील. यात चित्र काढणाऱ्याची काही चूक नाही, कारण या इमारतीला बाहेरची बाजूच नसते. ती चहूबाजूंनी मातीत पुरलेली असते, तिच्याभोवती प्रदक्षिणा घालता येत नाही, दुरून ती नजरेत भरत नाही, आणि प्रवाशाला ती कळते ती केवळ चालता चालता, एका वळणानंतर दुसरे वळण अशी. गेली काही वर्षे मला अशा स्थानकांवर एखादी गाडी मुद्दाम सोडून देऊन रेंगाळण्याची सवय लागली आहे, आणि जितके पाहावे तितके वाटत जाते, की त्यांच्या रचनेतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट या एका उणिवेला दिलेले उत्तर आहे.

सुरुवात बांधणीपासूनच करावी लागते. लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जगातली पहिली भुयारी शहरी रेल्वे सुरू झाली, तेव्हाची रीत अगदी सरळ होती: रस्ता उकरायचा, खंदकात दोन्ही बाजूंनी भिंती बांधायच्या, वर छत घालायचे आणि रस्ता पूर्ववत करायचा. कमी खोलीची स्थानके आजही मुळात अशीच होतात. मात्र भर शहरातला रस्ता वर्षानुवर्षे उघडा ठेवणे आता कोणालाच परवडत नसल्यामुळे पुष्कळदा कामाचा क्रम उलटा केला जातो. आधी जमिनीत अरुंद आणि खोल चर खणतात, तो ढासळू नये म्हणून खणतानाच बेंटोनाइट या चिकणमातीच्या पातळ गाळाने भरून ठेवतात, त्यात लोखंडी सळ्यांचा पिंजरा सोडतात आणि तळापासून काँक्रीट ओतत आणतात. काँक्रीट वर चढते तसतसा गाळ वरून काढून घेतला जातो. अशा भिंती उभ्या राहिल्या की सर्वांत वरचा स्लॅब टाकून त्यावरून वाहतूक सोडून देतात, आणि कामगार त्या छताखाली एकेक मजला खाली खणत जातात. ‘आधी कळस, मग पाया’ हे आपण एरवी उफराट्या कारभाराबद्दल बोलतो. इथे तो कामाचा रीतसर आराखडा असतो. मिलान शहराचा पहिला मेट्रो मार्ग १९६४ मध्ये सुरू झाला, तेव्हा तिथे ही रीत इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरली गेली होती, की तिला मिलान पद्धत असेच नाव पडले.

बांधून झालेली पेटी मातीत निवांत पडून राहत असेल असे आपल्याला वाटते. पण भूजलाची पातळी वर असेल, तर ती पाण्यात दाबून धरलेल्या रिकाम्या डब्यासारखी असते आणि पाणी तिला सतत वर उचलू पाहत असते. म्हणून तळाचा स्लॅब गरजेपेक्षा जाड करून वजन वाढवावे लागते, किंवा त्याखाली पेटीला खाली ओढून धरणारे पाइल घ्यावे लागतात, किंवा छतावरच्या मातीच्या भाराचा हिशेब धरावा लागतो. जी इमारत आपल्याला जमिनीत गाडलेली वाटते, तिच्या अभियंत्याला ती तरंगून वर येऊ नये याची काळजी असते, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी कागदावर आकडेमोड करून ती पुन्हा पडताळून पाहिली होती.

शेजाऱ्यांची काळजी वेगळीच. लंडनच्या ज्युबिली मार्गाच्या विस्तारात वेस्टमिन्स्टरचे नवे स्थानक १९९९ मध्ये खुले झाले. त्यासाठी सुमारे ३९ मीटर खोल खणावे लागले, आणि तेही बिग बेनच्या मनोऱ्याच्या अगदी जवळ. एवढी माती काढली की आजूबाजूची माती खड्ड्याकडे सरकू पाहते आणि तिच्यावर उभे असलेले बांधकाम कलू लागते. तिथे मनोऱ्याच्या पायाखालच्या मातीत नळ्या घालून ठेवल्या होत्या. मनोऱ्याचा कल सतत मोजत, जिथे माती खचेल तिथे त्या नळ्यांतून सिमेंटचे मिश्रण दाबाने भरत तो मनोरा सांभाळला गेला. वरच्या शहराचा ठसा खालच्या स्थानकावर कायमचा उमटतो, तो असा. त्याच शहरातील बँक स्थानकात सेंट्रल मार्गाचा फलाट धनुष्यासारखा वाकडा आहे. १९०० मध्ये सुरू झालेला तो मार्ग खासगी इमारतींखालून जाणे टाळून शक्यतो रस्त्यांखालूनच नेला होता. वर रस्ता वळला म्हणून खाली बोगदा वळला, बोगदा वळला म्हणून फलाट वाकला, आणि सरळसोट डबा वाकड्या फलाटाला लागला की मध्ये फट राहणारच. त्या फटीबद्दलची ‘माइंड द गॅप’ (फट सांभाळा) ही ताकीद आज वर विकत मिळणाऱ्या कपबश्यांवर छापलेली असते. तिचे मूळ रस्त्याच्या वळणात आहे.

याच मार्गावरची आणखी एक युक्ती मला फार आवडते. तिथे स्थानके मधल्या बोगद्यापेक्षा किंचित उंचावर ठेवली आहेत. स्थानकात शिरताना साधारण साठास एक असा चढ आहे आणि स्थानकातून निघताना तीसास एक असा उतार आहे. चढामुळे येणारी गाडी आपोआप मंदावते, उतारामुळे निघालेली गाडी चटकन वेग घेते. ब्रेकची झीज आणि विजेचा खर्च दोन्ही वाचतात. वीज दुर्मीळ होती त्या काळात टेकडीलाच ब्रेक आणि इंजिन दोन्हींचे काम सांगणारा हा विचार आहे, आणि प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता हवेकडे वळतो, कारण माझ्या मते स्थानकाच्या रचनेतला सर्वांत अवघड भाग हाच आहे. १८६३ मध्ये भुयारात वाफेची इंजिने धावत होती, तेव्हा धूर कोंडू नये म्हणून जमेल तिथे वर उघडी जागा ठेवावी लागे. बेकर स्ट्रीटच्या सर्वांत जुन्या फलाटांवर विटांच्या कमानीत दोन्ही बाजूंना तिरप्या खिडक्यांसारखी खोल विवरे आहेत. त्यांतून पूर्वी प्रकाश आणि हवा येत असे, आज त्यांत दिवे बसवले आहेत. वीज आल्यावर धूर गेला, पण उष्णता राहिली. गाडी ब्रेक लावते तेव्हा तिची गती बरीचशी उष्णतेत बदलते, शिवाय माणसांची ऊब, दिव्यांची ऊब, यंत्रांची ऊब. आणि हे सगळे अशा जागेत, जिला एकही खिडकी नाही.

बोगद्यातली गाडी पिचकारीतल्या दट्ट्यासारखी वागते. ती पुढची हवा ढकलत येते आणि मागची हवा ओढत नेते. फलाटाच्या टोकाला, बोगद्याच्या तोंडाशी उभे राहून हे नीट अनुभवता येते: आधी घोट्यांना गारवा लागतो, मग जमिनीवरचा कागदाचा कपटा उगाचच एक-दोन वीत सरकतो, मग कपाळावरचे केस हलतात, त्यानंतर कुठे रुळांची बारीक कुजबुज ऐकू येते आणि भिंतीवर दिव्याचा उजेड पसरू लागतो. हा वारा आवरला नाही तर तो जिन्यांवरून धावत जाऊन वरची दारे उघडू देत नाही. म्हणून स्थानकाच्या दोन्ही टोकांना हवेला वर सुटायला उभे झडप-मार्ग ठेवलेले असतात. पदपथावर ज्या जाळ्यांवरून आपण बेफिकीर चालत जातो, किंवा एखाद्या चौकात कशासाठी आहे हे न कळणारे जे ठेंगणे बांधकाम दिसते, त्यांतल्या काहींच्या खाली हे मार्ग असतात. प्रवाशाला दिसणारा भाग हा स्थानकाचा एक अंश आहे. दोन्ही टोकांच्या बंद, राखाडी दारांपलीकडे माणसापेक्षा उंच पंख्यांच्या खोल्या, विजेची उपकेंद्रे, पंप आणि सिग्नलची यंत्रणा असते, आणि एकूण जागेचा फार मोठा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो.

ते पंखे एरवी हवा खेळती ठेवतात, पण त्यांचे खरे काम धुराच्या दिवशी असते. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली. भुयारी स्थानकांत धूम्रपानावर बंदी येऊन दोन वर्षे उलटली होती, तरी बाहेर पडताना जिन्यावरच सिगारेट पेटवण्याची अनेकांची सवय गेली नव्हती. अशीच एक जळती काडी पायरी आणि बाजूचा पत्रा यांच्यामधल्या फटीतून खाली पडली, आणि वर्षानुवर्षे साठलेल्या ग्रीसने आणि कचऱ्याने पेट घेतला. सुरुवातीला ही आग किरकोळ दिसत होती. जाणकारांनाही ठाऊक नसलेली गोष्ट पुढे घडली: तिरक्या, दोन्ही बाजूंनी बंदिस्त असलेल्या जिन्याच्या पन्हळीत ज्वाळा सरळ वर न उठता पायऱ्यांवर आडव्या पडल्या, वरच्या पायऱ्यांना तापवत गेल्या आणि एका क्षणी तिकीटघरात उसळल्या. ३१ माणसे गेली. पुढे संगणकावरच्या प्रतिकृतीत आणि नंतर छोट्या आकाराच्या जिन्याला प्रत्यक्ष आग लावून हा परिणाम सिद्ध झाला, आणि भुयारी स्थानकांतून लाकडी जिने हद्दपार होऊ लागले. आज सरकत्या जिन्याच्या दोन्ही कडांना जे काळे ब्रश दिसतात, ते याच फटीपासून बूट आणि कपडे दूर ठेवण्यासाठी असतात. लोक त्यांवर बूट पुसतात. हे पाहिले की माझ्या पोटात थोडे गोळा आल्यासारखे होते.

अमेरिकेतील एनएफपीए १३० या अग्निसुरक्षेच्या प्रमाणकाचा दंडक असा आहे, की आणीबाणीत फलाट ४ मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि फलाटावरच्या सर्वांत दूरच्या माणसाने ६ मिनिटांत सुरक्षित जागा गाठली पाहिजे. जिने किती, त्यांची रुंदी किती, ते फलाटावर कुठे उतरतील, हे बहुतांशी या दोन आकड्यांवरून ठरते. दुपारच्या वेळी ओस पडलेला जिना पाहून उधळपट्टी झाली असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा. तो जिना बहुधा कधीच न येणाऱ्या दिवसासाठी बांधलेला असतो. आणि तो दिवस आलाच, तर माणसे वर जाण्याच्या वाटेने धूरही वर जातो, ही खरी अडचण. म्हणून पंखे उलटसुलट दोन्ही दिशांनी फिरवता येतील असे असतात. एका टोकाने धूर ओढायचा आणि पळणाऱ्यांच्या तोंडावर ताजी हवा येईल असा प्रवाह राखायचा. दक्षिण कोरियातील देगू शहरात १८ फेब्रुवारी २००३ रोजी एका माणसाने डब्यात आग लावली, तेव्हा १९२ जणांचा बळी गेला. त्यांतले बहुतेक जण पेटलेल्या गाडीत नव्हते, तर नंतर समोरच्या रुळावर येऊन थांबलेल्या दुसऱ्या गाडीत होते. स्थानकाचा आराखडा नुसता भिंती आणि जिने यांवर संपत नाही. पुढची गाडी मागेच थांबवण्याचा निर्णय कोण आणि किती लवकर घेणार, हेही त्या आराखड्यातच धरावे लागते.

फलाटाच्या कडेची काचेची दारे आता अनेक शहरांत दिसतात. त्यांचा पूर्वज मात्र काचेचा नव्हता: लेनिनग्राडमध्ये १९६१ साली सुरू झालेल्या पार्क पोबेदी स्थानकात फलाटाच्या बाजूने भक्कम भिंत आहे आणि तिच्यात लिफ्टसारखी दारे आहेत. गाडी आल्याचे आवाजावरूनच कळते. काचेची पूर्ण उंचीची दारे सिंगापूरने १९८७ पासून वापरली. त्या हवामानात थंड केलेली हवा बोगद्यात वाया जाऊ नये हा तिथे मोठा विचार होता. रुळांवर कोणी पडू नये हा लाभ तर उघडच आहे. मला ही दारे हवीत याविषयी शंका नाही, तरी वर वर्णन केलेला तो घोट्यांशी लागणारा गारवा त्यांच्यामुळे संपतो, याची थोडी खंत वाटते.

पाण्याबद्दल फार लिहीत नाही. बँकॉकच्या भुयारी स्थानकांत शिरताना आधी काही पायऱ्या वर चढाव्या लागतात आणि मग खाली उतरावे लागते. तेवढ्या उंचवट्यात सगळा विचार आला. न्यूयॉर्कचे साउथ फेरी स्थानक २००९ मध्ये नव्याने बांधून खुले झाले, २०१२ च्या सँडी वादळात ते बुडाले, आणि पुन्हा सुरू व्हायला २०१७ उजाडले.

दिशेचा प्रश्न मात्र बाहेरची बाजू नसण्यातूनच थेट जन्माला येतो. जमिनीवर आपण नकळत सूर्य, झाडे, ओळखीची इमारत असे काहीतरी धरून चालत असतो. खाली यांतले काहीच नसते. १८९० मध्ये लंडनमध्ये विजेवरची पहिली खोल भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा बोगद्यात पाहण्यासारखे काही नाही म्हणून डब्यांना वर नुसत्या अरुंद फटीएवढ्या खिडक्या ठेवल्या होत्या. हा तर्क चालला नाही. लोकांनी त्या डब्यांना वेड्यांसाठी असलेल्या गादीदार कोठड्यांची उपमा दिली आणि पुढच्या डब्यांना नीट खिडक्या आल्या. खिडकीतून बोगदा पाहायचा नसतो, स्थानकाचे नाव पाहायचे असते. लेस्ली ग्रीन या वास्तुविशारदाने १९०६-०७ च्या सुमारास खुल्या झालेल्या लंडनच्या स्थानकांत फलाटावरच्या टाइलांची रंगसंगती आणि नक्षी स्थानकागणिक वेगळी ठेवली, त्यामुळे रोजच्या प्रवाशाला मान वर न करताही आपले ठिकाण कळू लागले. हाँगकाँगमध्ये भिंतींचे रंग हेच काम करतात. मेक्सिको शहराची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हा लान्स वायमन यांच्या कल्पनेतून प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रखूण मिळाली. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही ‘टोळाच्या चित्राजवळ उतर’ असे सांगता यावे, ही त्यामागची सोय. मिलानमध्ये बॉब नोर्डा यांनी स्थानकाचे नाव दोन-चार मोठ्या फलकांवर न लिहिता भिंतीवरच्या पट्टीत थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा लिहिले, म्हणजे डब्यात कुठेही बसले तरी एखादे नाव समोर येतेच.

पायांखालची भाषाही यातच येते. सेइची मियाके यांनी कल्पिलेल्या उंचवट्यांच्या फरश्या पहिल्यांदा १९६७ मध्ये जपानमधील ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर बसवल्या गेल्या. लांब पट्ट्यांचा अर्थ ‘चालत राहा’ आणि गोल ठिपक्यांचा अर्थ ‘थांब, जपून’. बुटाचा तळ पातळ असेल तर डोळसालाही हा फरक नीट कळतो; एकदा गर्दी नसताना डोळे मिटून दहा पावले चालून पाहावे, अर्थात फलाटाच्या कडेपासून लांब.

पाट्यांच्या बाबतीत माझी स्वतःची एक तक्रार आहे. एका मोठ्या अदलाबदलीच्या स्थानकात मी मला हव्या त्या बाहेर पडण्याच्या मार्गाचा क्रमांक धरून चाललो होतो आणि चार पाट्यांपर्यंत सर्व काही ठीक होते. पाचव्या पाटीवर वरच्या दिशेचा बाण होता. समोर सरळ जाणारी मार्गिकाही होती आणि तिच्या शेजारीच वर जाणारा जिनाही होता. बाणाचा अर्थ ‘सरळ’ की ‘वर’? मी जिना चढलो आणि आठ पदरी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला बाहेर आलो, जिथून पलीकडे जायला पुन्हा खाली उतरण्यावाचून मार्ग नव्हता. परत खाली आल्यावर दोन मिनिटे तिथेच उभा राहिलो, तेवढ्यात तीन जण त्याच पाटीपाशी थबकले. पाटीचा टाइप सुरेख होता, रंग अचूक होते, प्रकाश उत्तम होता. फक्त ती निर्णयाच्या जागी उभे राहून कोणी वाचून पाहिली नव्हती.

गर्दीचे गणित पुष्कळदा अंतःप्रेरणेच्या उलट जाते. लंडनच्या होबर्न स्थानकात २०१५ मध्ये लोकांना सरकत्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहायला सांगून पाहिले, आणि डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी सोडण्यापेक्षा जास्त माणसे वर पोहोचली. एवढ्या उंच जिन्यावर चालायला तयार होणारे थोडेच असल्यामुळे डावी बाजू निम्मी रिकामी जात होती. लोकांना अर्थातच ते आवडले नाही. गाड्या बदलण्याची सोय हाँगकाँगमध्ये फार हुशारीने केली आहे: माँग कॉक आणि प्रिन्स एडवर्ड या लागोपाठच्या दोन स्थानकांत दोन मार्ग एकाच फलाटाच्या दोन बाजूंना येतात, पण त्यांची जुळणी दोन्ही ठिकाणी वेगवेगळी आहे. त्यामुळे कुठल्याही दिशेने जाणाऱ्याला या दोहोंपैकी योग्य स्थानकात उतरून नुसता फलाट ओलांडला की पुरते, जिना चढावा लागत नाही. मला हे कोणत्याही झुंबरापेक्षा सुंदर वाटते.

झुंबरांचा विषय निघालाच आहे, तर मॉस्कोच्या मायाकोव्स्काया स्थानकाबद्दल लिहिले पाहिजे. १९३८ मध्ये खुले झालेले, अलेक्सेई दुश्किन यांनी रचलेले हे स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, आणि त्याच्या छतातील लंबगोल घुमटांत अलेक्सांद्र देइनेका यांची ३४ मोझेइक चित्रे आहेत. विषय आहे सोव्हिएत आकाशातील एक अहोरात्र. म्हणजे इतक्या खोलवर उतरून मान वर केली की विमाने, पक्षी, फांद्या दिसतात. स्टॉकहोमने उलट मार्ग धरला. तिथल्या निळ्या मार्गावर खडक फोडून केलेल्या गुहेवर नुसता काँक्रीटचा थर फवारून तिचा ओबडधोबड आकार तसाच ठेवला. टी-सेंट्रालेन स्थानकात पेर ओलोफ उल्टवेट यांनी १९७५ मध्ये त्यावर निळ्या वेली काढल्या. मॉस्को म्हणते वर आकाश आहे, स्टॉकहोम म्हणते तुम्ही गुहेत आहात. माझे मन दुसऱ्याकडे झुकते. वेस्टमिन्स्टरही मला त्याच कुळातले वाटते: समोरासमोरच्या भिंती मातीच्या रेट्याने आत येऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये घातलेल्या जाड तुळया तिथे झाकलेल्या नाहीत, आणि सरकते जिने त्या तुळयांमधून वाट काढत खाली जातात. ज्या मातीमुळे इमारतीला बाहेरची बाजू नाही, ती माती किती जोराने ढकलते आहे हे तिथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. लंडनच्याच कॅनरी वॉर्फ स्थानकात काचेच्या घुमटाकार छतातून दिवसाचा उजेड जिन्यांवर पडतो, आणि बाहेर पडणारी माणसे पाटी न पाहता उजेडाच्या दिशेने चालू लागतात.

शेवटी कीव्हच्या आर्सेनाल्ना स्थानकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९६० मध्ये खुले झालेले हे स्थानक जमिनीखाली १०५.५ मीटर आहे, आणि बाहेर पडताना एकामागून एक असे दोन लांबलचक सरकते जिने चढून जावे लागते. वर पोहोचेपर्यंत आपण किती खाली होतो याचा अदमास पायांना येत नाही, तो कंटाळ्यावरून बांधावा लागतो. पण वर न येता तसेच गाडीत बसून राहिले, तर पुढचे स्थानक द्नीप्रो नदीच्या काठावर, उघड्यावर, खांबांवर उचललेले आहे. गाडी फारशी चढत नाही. स्थानक जिच्या पोटात आहे ती टेकडी नदीपाशी तुटून संपते, आणि इतक्या खोलीतून निघालेला डबा सरळ उजेडात बाहेर येतो.